लार्ज फॉरमॅट फिल्म कुठे शोधायची, कशी मागवायची

लार्ज फॉरमॅट (रोलऐवजी फिल्मची एकेक मोठी, सुटी शीट वापरणारा) कॅमेरा घेतलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात कोणीतरी सांगतं, "याची फिल्म आता बनतच नाही." हे खरं नाही. इंग्लंडमधल्या मॉबर्ली गावात इल्फर्डची फिल्म बनते, चेक प्रजासत्ताकातल्या ह्राडेट्स क्रालोवे शहरात फोमाची आणि अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅकची. इल्फर्ड २००४ साली दिवाळखोरीच्या दारात गेली, तेव्हा तिथल्याच व्यवस्थापकांनी पुढच्या वर्षी हार्मन टेक्नॉलॉजी या नावाने कारखाना उभा ठेवला. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी फिल्मचं यंत्र चालूच राहिलं. या लोकांनी तग धरला म्हणून आज आपल्या होल्डरमध्ये, म्हणजे शीट धरणाऱ्या चपट्या चौकटीत, घालायला काहीतरी आहे, याची मला रोज जाणीव असते.

खरी अडचण वेगळी आहे. शीट फिल्म दुकानाच्या फळीवर दिसत नाही. तो मागवायचा माल आहे. काऊंटरवर जाऊन "मोठ्या कॅमेऱ्याची फिल्म आहे का?" असं विचारलं की "नाही" हेच उत्तर येणार. त्याऐवजी माप, फिल्मचं नाव, डब्यातल्या शीट्सची संख्या आणि उत्पादकाचा कोड सांगून "मागवून द्याल का?" असं विचारलं की बोलणं पुढे सरकतं. म्हणून दुकान शोधण्याआधी थोडा गृहपाठ घरी करायचा आहे.

आधी होल्डर मोजा

माझा पहिला कॅमेरा जुना लाकडी होता. सोबत धातूचे सहा होल्डर आले होते. मी ते ४×५ इंचाचे धरून चाललो आणि ४×५ चा डबा मागवला. रात्री दिवे मालवून, दाराच्या फटीला टॉवेल लावून शीट आत सरकवायला बसलो, तर ती कडेला अडायची. माझाच हात चुकतोय असं वाटून मी पंधरा-वीस मिनिटं अंधारात झटत राहिलो आणि तीन शीट्सच्या कडा दुमडल्या. सकाळी पट्टी लावली तेव्हा कळलं, होल्डर ९×१२ सेंटिमीटरचे होते. विक्रेत्याने मी मागितलं तेच बरोबर पाठवलं होतं.

४×५ इंच म्हणजे १०.२×१२.७ सेंटिमीटर. ९×१२ पेक्षा ते दोन्ही बाजूंनी मोठं आहे. ५×७ इंच आणि १३×१८ सेंटिमीटर ही जोडी याहून फसवी, कारण १२.७×१७.८ आणि १३×१८ यांत फरक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, पण १३×१८ ची शीट ५×७ च्या होल्डरमध्ये जात नाही. ८×१० इंच आणि १८×२४ सेंटिमीटर हीसुद्धा दोन वेगळी मापं आहेत. जुन्या कॅमेऱ्यांमध्ये हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, आणि फुल प्लेट, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच, हीही भेटतात.

खात्री करायचा सोपा उपाय आहे. फिल्म तिच्या नावातल्या मापापेक्षा दोन्ही बाजूंनी साधारण दीड मिलिमीटर कमी कापलेली असते. म्हणून ४×५ साठी १००×१२५ मिलिमीटरचा पातळ, ताठ पुठ्ठा कापा आणि उजेडात होल्डरमध्ये सरकवून पाहा. सहज गेला, दोन्ही खाचांखाली बसला आणि डार्क स्लाइड, म्हणजे उजेड अडवणारी सरकती पट्टी, वरून अडखळल्याशिवाय गेली, तर तो ४×५ चाच होल्डर.

आणखी एक पाहायचं. जुना होल्डर काचेच्या प्लेटसाठी बनवलेला असू शकतो. काच मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाड असते आणि शीट फिल्म सुमारे ०.१८ मिलिमीटर. अशा होल्डरमध्ये फिल्म धरायला धातूचं पातळ आवरण लागतं, त्याला फिल्म शीथ म्हणतात. शीथ नसेल तर फिल्म मागवण्याआधी ती शोधा.

कोणती फिल्म, आणि किती

कृष्णधवलमध्ये निवड अजून बरी आहे. इल्फर्डच्या एफपी४ प्लस, एचपी५ प्लस, डेल्टा १०० आणि ऑर्थो प्लस, कोडॅकच्या ट्राय-एक्स ३२०, टी-मॅक्स १०० आणि टी-मॅक्स ४००, फोमाच्या फोमापॅन १००, २०० आणि ४०० या शीटमध्ये निघतात. रंगीत निगेटिव्हसाठी कोडॅकच्या पोर्ट्रा १६०, पोर्ट्रा ४०० आणि एक्टार १०० आहेत, स्लाइडसाठी एक्टाक्रोम ई१००. फुजीच्या जुन्या शिफारशी वाचून मन बांधू नका. त्यांच्या यादीतली शीट फिल्म वर्षागणिक कमी होत आली आहे आणि कृष्णधवल अ‍ॅक्रॉसच्या शीट्स २०१८ मध्येच बंद झाल्या.

नव्या माणसाने काय घ्यावं याबद्दल माझं मत ठाम आहे. दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे जी फिल्म हमखास मिळते ती घ्या आणि वर्षभर तीच वापरा. पाच प्रकारच्या फिल्मचे पाच अर्धे डबे असले की कुठल्याच फिल्मची नीट ओळख होत नाही. फोमापॅन १०० इतरांच्या मानाने हाताला परवडते आणि तिचा करडा रंग मला मनापासून आवडतो. पण लांब एक्स्पोजरमध्ये ती फार वेगाने मंदावते. उत्पादकाच्याच तक्त्याप्रमाणे मोजलेला १ सेकंद प्रत्यक्षात २ सेकंद द्यावा लागतो, १० सेकंदांचे ८० होतात. एफ/३२ वर, म्हणजे भिंगाचं छिद्र बारीक करून, संध्याकाळचं झाड टिपणाऱ्याने हे डबा मागवण्यापूर्वी पाहावं. पुढे डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) बदलून याची भरपाई होत नाही.

किती मागवायची हा हिशेब लोक करतच नाहीत. एका होल्डरमध्ये दोन शीट्स बसतात. पाच होल्डर घेऊन बाहेर पडलात तर एका दिवसाच्या दहा शीट्स. प्रत्येक दृश्याच्या दोन शीट्स काढायची सवय असेल, आणि ती असावी, तर २५ शीट्सचा डबा बारा दृश्यांत संपला. महिन्यातून दोनदा बाहेर पडणाऱ्याला सहा महिन्यांत १२० शीट्स लागतात, म्हणजे २५ चे पाच डबे. हा आकडा हाताशी असला की विक्रेत्याशी बोलणंही सोपं जातं, कारण सहा महिन्यांनी पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो माल मागवायला तयार होतो. शेवटून दुसरा डबा फोडला त्याच दिवशी पुढची ऑर्डर द्यायची. उत्पादकाकडे एखादं माप संपलं तर पुढची खेप यायला महिनेही लागतात.

जवळपास कोणाला विचारायचं

सुरुवात उत्पादकापासून करा. त्यांच्या संकेतस्थळांवर अधिकृत वितरक आणि डीलर यांच्या याद्या असतात. तुमच्या भागाचा वितरक सापडला की त्याला विचारायचं, "शीट फिल्म तुम्ही आणता का, आणि कोणत्या दुकानामार्फत देता?" बहुतेक वितरक किरकोळ विक्री करत नाहीत, पण दुकानाचं नाव सांगतात.

मग ३५ एमएम आणि १२० ची रोल फिल्म विकणारं दुकान गाठा. त्याचं वितरकाकडे खातं आधीपासून असतं, म्हणून त्याच्या पुढच्या ऑर्डरमध्ये तुमचे दोन डबे घालणं त्याला जड जात नाही. उत्पादकाचा कोड कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेल्या "एचपी५, चार बाय पाच" मधून नको तो माल येतो. आगाऊ पैसे मागितले तर वाईट वाटून घेऊ नका. दुसरं कोणी घेणार नाही असा माल तो तुमच्यासाठी आणतोय.

ज्या लॅबमध्ये शीट फिल्म अजून धुतली जाते तिथली माणसं माझ्या अनुभवात सगळ्यांत कामाची. आसपास कोण कुठून फिल्म आणतं, कोणाचा माल धूसर निघाला, हे त्यांना रोजच्या निगेटिव्हवरून कळत असतं. कलामहाविद्यालयांच्या फोटोग्राफी विभागातही विचारा. ते घाऊक मागवतात आणि कधीकधी त्यांच्या ऑर्डरला आपले डबे जोडून घेतात.

टपालाने मागवताना

जवळपास काहीच जमलं नाही तर न्यूयॉर्कचं बी अँड एच, कॅलिफोर्नियाचं फ्रीस्टाइल आणि बर्लिनचं फोटोइम्पेक्स ही फिल्मच्या जगातली जुनी, माहितीची नावं आहेत. पण नाव मोठं आहे म्हणून प्रश्न विचारायचं सोडू नका. मी कोणत्याही नव्या विक्रेत्याला पहिला निरोप साधारण असा लिहितो:

"एचपी५ प्लस, ४×५ इंच, २५ शीट्सचे दोन डबे हवे आहेत. माल आत्ता तुमच्या हातात आहे का, की मागवून पाठवणार? डब्यांवर एक्स्पायरी कोणत्या महिन्याची आहे? दोन्ही डबे एकाच इमल्शन नंबरचे मिळतील का? फिल्म थंड जागी ठेवली होती का? पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला रवाना कराल का?"

या निरोपाचं उत्तर कसं येतं यावरून मी विक्रेता पारखतो. जो उठून डबा हातात घेतो आणि लेबल वाचून महिना-वर्ष कळवतो, त्याच्याकडे मी पुन्हा जातो. "सगळा माल ताजा आहे" एवढंच लिहिणाऱ्याकडून मी पहिल्यांदा एकच डबा घेतो. रंगीत फिल्मच्या बाबतीत इमल्शन नंबरचा, म्हणजे माल कोणत्या बॅचचा आहे हा, प्रश्न टाळूच नका. वेगवेगळ्या बॅचमध्ये रंगाचा किंचित फरक पडू शकतो आणि एकाच मालिकेतली चित्रं शेजारी लावली की तो डोळ्यांत भरतो. आठवड्याच्या सुरुवातीची विनंती यासाठी, की सुट्टीचे दोन दिवस पार्सल तापलेल्या गोदामात पडून राहू नये. उन्हाळ्यात तर शक्यतो मागवूच नका, त्याआधीच साठा करा.

परदेशातून येणाऱ्या पार्सलवर मालाचं वर्णन काय लिहिलंय, याकडे बारीक लक्ष द्या. जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणात सपाट, न वापरलेली, प्रकाशसंवेदी फिल्म ३७०१ या शीर्षकाखाली येते, रोल फिल्म ३७०२ खाली आणि फोटो काढलेली पण न धुतलेली ३७०४ खाली. विक्रेत्याने नुसतं "कॅमेऱ्याचं सामान" असं लिहिलं तर तपासनीस आत काय आहे ते पाहायला डबा उघडू शकतो. उजेडात डबा उघडला की आतली पाकिटंही फाडली जाण्याचा धोका असतो. म्हणून वर्णन नेमकं लिहायला सांगा, आणि खोक्याबाहेर व प्रत्येक डब्यावर "प्रकाशसंवेदी फोटोग्राफिक फिल्म, उघडू नये" ही पट्टी तिथल्या भाषेत लावायला सांगा. शुल्क किती पडेल हे आपल्या देशाच्या सीमाशुल्क तक्त्यात याच क्रमांकावरून आधी पाहून ठेवा.

एक्स-रे तपासणीची काळजी खरी आहे. जुन्या पद्धतीच्या यंत्रातून कमी वेगाची, म्हणजे उजेडाला कमी संवेदनशील, फिल्म एक-दोनदा गेली तर सहसा काही होत नाही. नव्या सीटी पद्धतीच्या यंत्रांबद्दल मात्र उत्पादक स्वतःच इशारा देतात, की एकदा गेली तरी धूसर पडदा येऊ शकतो. पार्सलवर आपला ताबा नसतो, पण निवडीवर असतो. लांबून मागवायची असेल तर ४०० पेक्षा १०० आयएसओची फिल्म मला जास्त निर्धास्त वाटते. प्रवासात स्वतः आणत असाल तर हातातल्या पिशवीत ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा. चेक-इन सामानात फिल्म कधीही टाकू नका.

वेगळ्या मापांसाठी एक दरवाजा वर्षातून एकदाच उघडतो. फुल प्लेट, ७×१७, ११×१४ इंच अशा मापांची ऑर्डर इल्फर्ड दरवर्षी ठरावीक मुदतीत डीलरांमार्फत घेते, मग एकदमच कापून पुढच्या महिन्यांत पाठवते. मुदत चुकली की वर्ष गेलं. ज्यांचा कॅमेरा या मापाचा आहे त्यांनी डीलरला आधीच नाव देऊन ठेवावं.

एक्स-रे फिल्मचा मार्ग

सरावासाठी, विशेषतः ८×१० वाल्यांसाठी, वैद्यकीय एक्स-रे फिल्म मोठा आधार आहे. ती दवाखान्यांना माल पुरवणाऱ्यांकडे शंभर-शंभर शीट्सच्या डब्यात येते. ८×१० इंच आणि १८×२४ सेंटिमीटर ही मापं थेट मिळतात, बाकीची कापून घ्यायची. ही फिल्म फक्त निळ्या, किंवा निळ्या आणि हिरव्या उजेडाला जागी असते. त्यामुळे लाल दिव्यात कापता येते, भरता येते आणि ट्रेमध्ये चित्र उमटताना डोळ्यांनी पाहता येतं. मी माझी पहिली ८×१० निगेटिव्ह अशीच उमटताना पाहिली. पांढुरक्या शीटवर आधी आकाश काळं झालं, मग खिडकीची चौकट उठून आली.

इथे एक मोठी चूक होते. पुरवठादाराकडे "मेडिकल फिल्म" मागितली तर आज बहुतेक ठिकाणी ड्राय फिल्म हातात देतात. ती डिजिटल यंत्रातून अहवाल छापण्यासाठी असते, थर्मल किंवा लेझर प्रिंटरमध्ये चालते. आकार तोच आणि डबाही तसाच, पण कॅमेऱ्यात ती काहीच कामाची नाही. म्हणून मागताना शब्द नेमके वापरा: "डेव्हलपर आणि फिक्सरमध्ये धुवायची ओली एक्स-रे फिल्म, ग्रीन सेन्सिटिव्ह." डब्यावर ड्राय, लेझर किंवा इमेजर असं काही दिसलं तर घेऊ नका.

नेहमीच्या एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे प्रकाशसंवेदी लेप, असतं. ओली असताना ते इतकं नाजूक असतं की ट्रेच्या तळाला घासलं तरी ओरखडा उठतो. ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवा आणि एका वेळी एकच शीट धुवा. मॅमोग्राफीची फिल्म एका बाजूची असते. मिळाली तर तीच घ्या. वेग ८० आयएसओ धरून सुरुवात करा आणि मग चाचणीवरून ठरवा. लाल रंगाला ती आंधळी असल्यामुळे ओठ आणि त्वचा गडद येते, हे माणसांची चित्रं काढताना ध्यानात असू द्या.

मुदत संपलेले डबे

बंद पडलेले स्टुडिओ, निवृत्त छायाचित्रकारांची कपाटं, जुन्या लॅबचे फ्रीज यांतून चांगला माल निघतो. मी दोन गोष्टी पाहतो. डब्याची मूळ चिकटपट्टी शाबूत आहे का, आणि तो इतकी वर्षं कुठे होता. फोडलेल्या डब्यात कोणी उजेडात डोकावलं असेल, की वापरलेल्या शीट्स परत ठेवल्या असतील, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. थंड जागी राहिलेली १०० आयएसओची कृष्णधवल फिल्म मुदतीनंतर वर्षानुवर्षं चांगली चालते. वेगवान आणि रंगीत फिल्म लवकर ढासळते. महत्त्वाच्या कामाला मी जुनी फिल्म वापरत नाही.

डबा हातात आल्यावर

पार्सल उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर चिकटपट्टीचे फोटो काढा. लेबलवरचा इमल्शन नंबर आणि एक्स्पायरी वहीत लिहा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हेच कामी येतं. लगेच वापरायची नसेल तर डबा हवाबंद पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, वर्ष-दोन वर्षांचा साठा असेल तर डीप फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर मात्र घाई करू नका. डीप फ्रीझरमधला डबा मी आदल्या रात्री काढून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी उघडतो. थंड शीटवर हवेतली वाफ बसली की पुढे डाग पडतात.

डबा बहुधा एकात एक बसणाऱ्या तीन भागांचा असतो आणि आत काळी पाकिटं असतात. पूर्ण अंधारात शीट उभी धरा आणि उजव्या हाताची तर्जनी वरच्या कडेवर फिरवा. उजव्या कोपऱ्यात खाचा लागल्या तर इमल्शन तुमच्या तोंडाकडे आहे. या खाचांचा नमुना प्रत्येक फिल्मचा वेगळा असतो, म्हणून मित्राबरोबर डबा वाटून घेतलात तरी पुढे बोटांनी ओळख पटते. एक्स-रे फिल्मला अशा खाचा सहसा नसतात. तिचा कोपरा स्वतः कापून खूण करा.

नव्या विक्रेत्याकडच्या डब्यातली एक शीट मी नेहमी चाचणीला देतो. अंधारात तिचे दोन तुकडे करतो. एक तुकडा एक्स्पोज न करताच डेव्हलपरमध्ये नेहमीच्या वेळेइतका ठेवतो आणि फिक्स करतो. दुसरा थेट फिक्सरमध्ये टाकतो. वाळल्यावर दोन्ही शेजारी धरून खिडकीसमोर पाहतो. डेव्हलपरमधून काढलेला तुकडा किंचितच गडद असेल तर माल ठीक आहे. तो सरसकट करडा असेल तर उष्णता, वय किंवा एक्स-रे यांपैकी काहीतरी लागलेलं असतं. एका कडेला काळा पट्टा असेल तर डब्यात उजेड शिरला आहे. मग उरलेला डबा तसाच बंद ठेवतो आणि दोन्ही तुकड्यांचा फोटो, इमल्शन नंबर आणि चिकटपट्टीचे फोटो त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवतो. चांगला विक्रेता अशा वेळी तो नंबर उत्पादकाला कळवतो आणि दुसरा डबा पाठवतो.